ओबो घ्यावा की सनई? वाद्य विकत घेण्याआधीची समीक्षा

आजचा विषय पहिल्यांदा ऐकला तर दुकानदारीचा वाटेल. चंद्रपूर किंवा गडचिरोली जिल्ह्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याला ओबो शिकायचा आहे, तर त्यानं कोणता ओबो विकत घ्यावा? हा प्रश्न मी समीक्षेचा म्हणून घेणार आहे. नाटकाची समीक्षा आपण पडदा पडल्यावर करतो, गाण्याची मैफल संपल्यावर करतो. वाद्याची समीक्षा मात्र पैसे देण्याआधी करावी लागते, कारण नंतर केलेली समीक्षा फक्त हळहळायला उपयोगी पडते. आणि आपल्याकडे हे पैसे म्हणजे पुष्कळ घरांत धानाच्या एका अख्ख्या हंगामाचे पैसे असतात. मुंबईतल्या मुलानं चुकीचं वाद्य घेतलं तर तो ते विकून दुसरं घेईल. ब्रह्मपुरीच्या, आरमोरीच्या मुलाचं वाद्य चुकलं तर बहुधा त्याचं संगीतच तिथे थांबतं.

माझं म्हणणं आधीच सांगतो, म्हणजे पुढे तपासत जाता येईल. वाद्य निवडताना आपण वस्तू बघतो: लाकूड, चकाकी, कंपनी, किंमत. बघायला हव्यात त्या वस्तूला जिवंत ठेवणाऱ्या चार गोष्टी. तिची पत्ती कोण देणार, शिकवणार कोण, बिघडली तर नीट कोण करणार, आणि ती वाजवायची कुणाबरोबर. या चार गोष्टींवर मी ओबो तपासणार आहे, सनई तपासणार आहे, आणि झाडीपट्टीच्या रंगमंचावरचा ऑर्गन आणि कीबोर्डही तपासणार आहे.

आधी ओबो म्हणजे काय ते थोडक्यात. बरेच जण क्लॅरोनेटलाच ओबो समजतात. दोन्ही काळी, दोन्ही चाव्यांची, त्यामुळे फोटोत गफलत होते. क्लॅरोनेटला तोंडाशी एकच पत्ती असते आणि आतली नळी जवळपास सारख्या रुंदीची असते. ओबोला दोन पत्त्या एकमेकींवर बांधलेल्या असतात, आणि नळी वरून खाली रुंद होत जाते, शंकूसारखी. आता हे वर्णन कशासारखं वाटतं? सनईसारखं. दोन पत्त्या, शंकूची नळी, खाली पसरट तोंड. सनईची पत्ती, जिला कुणी जिव्हाळी म्हणतात, तीही दुहेरीच. पश्चिम आशियातली झुर्ना, युरोपातला जुना शॉम, आपली सनई, दक्षिणेतलं नादस्वरम, ही सगळी एकाच गोतातली. सतराव्या शतकात फ्रान्सच्या दरबारात त्या मोकळ्या मैदानातल्या शॉमवर काम करून त्याला दालनात वाजवण्याजोगं केलं गेलं, आणि त्यातून ओबो झाला. नाव फ्रेंच आहे, ‘ओ-ब्वा’. त्यात ‘ब्वा’ म्हणजे लाकूड आणि आधीचा शब्द उंच किंवा मोठ्या आवाजाचा. मोठ्या आवाजाचं लाकूड! पुढे एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या त्रिएबेर घराण्याच्या कारखान्यात त्याच्यावर चाव्यांचं आजचं जाळं बसत गेलं. त्या कारखान्यात काम केलेल्या लोरेनं १८८१ मध्ये स्वतःची पेढी काढली. ती आजही ओबो बनवते.

म्हणजे आपला विद्यार्थी ओबो मागतो तेव्हा तो अगदी परकी वस्तू मागत नाही. लग्नाच्या मांडवाबाहेर डफड्याबरोबर जे वाद्य ऐकत तो मोठा झाला, त्याचंच शहरात जाऊन शिस्तीत वाढलेलं चुलत भावंड तो मागतो आहे.

फरक आहे तो शिस्तीचा. सनईला चाव्या नाहीत. बोट भोकावरून अर्धं, पाव सरकवता येतं, ओठांनी पत्ती दाबता, सैल सोडता येते. म्हणून सनईत मींड निघते, गमक निघते, आणि म्हणूनच १९५९ च्या ‘गूँज उठी शहनाई’ मध्ये वसंत देसाईंच्या संगीताला बिस्मिल्ला खाँ गायकासारखा आवाज देऊ शकले. आपल्या महाराष्ट्रात पुण्याचे शंकरराव गायकवाड सनई मैफलीत घेऊन आले, सोलापूरच्या सिद्राम जाधवांनी तिच्याहून लहान असलेल्या सुंद्रीला नाव मिळवून दिलं. ओबोला चाव्या आहेत. त्याचा प्रत्येक स्वर आपल्या जागी बसवलेला आहे. ओठांनी तो थोडा वरखाली होतो, पण सा पासून ग पर्यंत घसरत जाण्यासाठी तो घडलेला नाही. त्याचं बळ दुसरीकडे आहे. अगदी हळू आवाजातही स्वर सरळ धरणं, ठराविक सुरात शेकडो वाद्यांत स्वच्छ ऐकू येणं. सिम्फनी वाद्यवृंदात सगळे आपली वाद्यं लावतात ती ओबोच्या एका स्वरावर, ते उगाच नाही.

आता एक कागद समोर ठेवतो. १९९१ मध्ये इलेक्ट्रॉनिक वाद्यांसाठी जनरल मिडी नावाचं प्रमाण ठरलं. त्यात १२८ आवाजांना क्रमांक दिले. आज गावोगावच्या कीबोर्डमध्ये आवाजांची जी यादी दिसते तिचा पाया तोच. त्या यादीत ओबोचा क्रमांक ६९. सॅक्सोफोन, बसून, क्लॅरोनेट यांच्याबरोबर तो पत्तीच्या वाद्यांच्या खणात आहे. सनई आहे ११२ वर. तिचा खण वेगळा, ‘एथनिक’ नावाचा. तिथे सतार, जपानचं कोतो, आफ्रिकेतला कलिंबा, स्कॉटलंडची बॅगपाइप असे सगळे एकत्र कोंबले आहेत. एकाच गोतातली दोन वाद्यं, त्यातलं एक ‘पत्तीचं वाद्य’ ठरलं आणि दुसरं ‘तिकडच्या लोकांचं’ ठरलं. पत्ती तर दोघांनाही आहे! यादी करणाऱ्यांनी हे द्वेषानं केलं असं मी म्हणत नाही. त्यांना सोय हवी होती. पण समीक्षेचं काम असं की सोयीतून जो निवाडा आपोआप होऊन बसतो, तो दाखवून द्यायचा. हा निवाडा आपणही न तपासता उचलला आहे. ‘ओबो शिकतो’ म्हटलं की ते शिक्षण, आणि ‘सनई शिकतो’ म्हटलं की लोक विचारतात, कोणत्या वाजंत्र्यात?

इथे एक गोष्ट सांगायला हवी, ती टाळून सनईचं कौतुक करणं अप्रामाणिक होईल. महाराष्ट्रात सनई कुणी ‘निवडली’ नव्हती. ती गुरवाच्या, घडशाच्या, मांगाच्या घरात जन्मानं येत असे. लग्नात सगळ्यात पुढे वाजवणारा जेवायला मात्र सगळ्यात शेवटी बसे. १६ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. गावकीची कामं नाकारण्याची चळवळ त्याच्याही आधीपासून चालू होती, आणि कितीतरी गावांत त्या कामांत वाजवणंही होतं. ज्यांनी वाद्य खाली ठेवलं त्यांनी संगीत सोडलं नाही, सक्ती सोडली. म्हणून ‘सनई लोप पावते आहे हो’ असा गळा काढण्याआधी आपण विचारावं, कुणाच्या खांद्यावरून ती उतरली? आणि आज एखाद्या मुलाला किंवा मुलीला ओबो हवासा वाटतो, त्यात हेही कारण असू शकतं की ओबोला आपल्या गावात जात नाही. ते कारण हलकं समजू नका. वाद्य निवडता येणं हीच मुळात नवी मिळालेली गोष्ट आहे. म्हणून ती निवड डोळसपणे व्हावी, एवढाच माझा आग्रह.

आता चार गोष्टींच्या कसोटीकडे येऊ. आधी एक उदाहरण असं बघू, ज्यात परकं वाद्य आपलं झालं.

झाडीपट्टी रंगभूमी तुम्हाला माहीत आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांचा हा पट्टा. दिवाळीनंतर धान घरी आलं की नाटकं सुरू होतात आणि होळीपर्यंत चालतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्याचं केंद्र. नाटक मंडळांची कार्यालयं तिथे एका रांगेत दिसतात. दिवसा शंकरपट, रात्री नाटक, तेही उजाडेपर्यंत. २०२३ मध्ये गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्या महाराष्ट्रानं या रंगभूमीकडे जरा वळून पाहिलं. तर या रंगमंचासमोर गाण्याला सूर धरत आलेलं वाद्य कोणतं? ऑर्गन. पायानं भाता मारायचा, आत धातूच्या पत्त्या. हे वाद्य पाश्चात्त्य, घरातलं आणि प्रार्थनेतलं. मराठी संगीत नाटकानं ते उचललं; गंधर्व नाटक मंडळीत थिरकवांच्या तबल्याजवळ आणि कादरबक्षांच्या सारंगीजवळ ऑर्गन होता. तिथून ते नाटकाबरोबर झाडीत आलं.

ऑर्गनवर आणि पेटीवर टीका कमी झाली नाही. यात मींड नाही, श्रुती नाहीत, स्वर ठोकळे आहेत, असं जाणकार म्हणत होते आणि ते खरंही होतं. आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीवर बंदीच घातली. ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. तीस वर्षं! त्या तीस वर्षांत महाराष्ट्रातल्या एकाही भजनी मंडळानं पेटी बाहेर काढली नाही. का? कारण चारही गोष्टी जुळल्या होत्या. पत्ती धातूची, वर्षानुवर्षं टिकणारी. शिकवणारा गावात. भाता फाटला तर कातडं लावणारा तालुक्याला. आणि साथ करायला गाणारे तर घरोघर. सौंदर्याच्या परीक्षेत वाद्य काठावर पास झालं असेल, पण जगण्याच्या परीक्षेत पहिलं आलं.

आता कीबोर्ड. पुष्कळ जाणकार कीबोर्डला नाकं मुरडतात. मी आधी त्याची बाजू मांडतो. रात्रभराच्या नाटकात एक गाणं काळी एकमध्ये, पुढचं बाई गातात ते काळी चार-पाचमध्ये, मध्येच एक लावणी, मग पोवाडा. कीबोर्डवाला एक बटण दाबून पट्टी बदलतो. सनईवाल्याला दुसरी सनई उचलावी लागेल, कारण सनईची पट्टी तिच्या लांबीवर ठरलेली असते. शिवाय पौषातली रात्र, दव पडतंय, बोटं गारठलेली. पत्ती ओली ठेवायची, गरम ठेवायची. कीबोर्डला यातलं काही लागत नाही. म्हणून कीबोर्ड जिंकला तो लोकांना कान नाहीत म्हणून नव्हे. तो कामाला उपयोगी पडला म्हणून जिंकला.

पण समीक्षकानं पुढचंही बोलायला हवं. कीबोर्डवरची ११२ नंबरची सनई नीट ऐका. प्रत्येक स्वर त्याच ठोक्यानं सुरू होतो. स्वराचा कंप प्रत्येक वेळी तेवढ्याच अंतरावर, तेवढ्याच वेगानं लागतो. खऱ्या सनईत वादकाचा श्वास संपत आला की स्वर जरासा पातळ होतो, आणि ऐकणाऱ्याच्या छातीत काहीतरी हलतं. कीबोर्डचा श्वास संपतच नाही. मींड काढायची तर डावीकडचं चाक फिरवायचं. नेहमीच्या मांडणीत ते दोन अर्ध्या सुरांपर्यंतच ओढतं, म्हणजे सा वरून जेमतेम रे. चांगला कीबोर्डवादक त्या चाकातूनही जीव काढतो, ते मी ऐकलं आहे, त्यांना दाद द्यायलाच हवी. पण मुलीच्या पाठवणीच्या प्रवेशात, जिथे सगळा तंबू रडायला आलेला असतो, तिथे हे ठोकळे स्वर प्रवेशाचं नुकसान करतात. रडू येतं ते नटीच्या ताकदीवर, आणि मागचा सूर मात्र तिला हात देत नाही. ही उणीव मला खरी वाटते, आणि ती भरून काढायला पत्तीचं वाद्य वाजवणारा माणूस लागेल. म्हणून आपल्या विद्यार्थ्याचा प्रश्न त्याच्या एकट्याचा राहत नाही.

तर आता तो विद्यार्थी. समजा तो वडशाचा आहे, बारावीत आहे, मोबाइलवर ओबो ऐकून वेडा झाला आहे. त्याला चार प्रश्न विचारू.

पहिला, पत्ती. ओबोची पत्ती नळासारख्या एका पोकळ गवतापासून बनते. त्याचं सगळ्यात नावाजलेलं पीक दक्षिण फ्रान्समध्ये, वार नावाच्या भागात येतं. ते चिरून, तासून, धातूच्या छोट्या नळीवर दोऱ्यानं बांधतात. नेमानं वाजवलं तर एक पत्ती दोन-तीन आठवड्यांत थकते. म्हणजे वर्षाला पंधरा-वीस पत्त्या. आयात केलेली पत्ती सहज हजाराच्या वर जाते. आता हिशेब करा: ओबो ‘स्वस्तात’ मिळाला तरी दरवर्षी पंधरा-वीस हजार रुपये फक्त फुंकण्यासाठी. म्हणून गंभीरपणे ओबो वाजवणारे बहुतेक जण स्वतः पत्ती करायला शिकतात. सुरी, दोरा, कानस आणि खूप संयम. आपल्या भागात बांबूवर हात बसलेली माणसं कमी नाहीत. चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. तासणारा हात इथे आहे, फक्त त्याला या कामाची ओळख नाही. सनईच्या पत्तीची अडचणही खरीच आहे, पण ती पत्ती देशात बनते, आणि वाजवणारा स्वतः ती कात्रीनं, पात्यानं आपल्या ओठाला जुळवून घेतो.

दुसरा, गुरू. मुंबईत एनसीपीएमध्ये २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. तिथे खरा ओबो कानांनी ऐकता येतो. इंग्लंडच्या मंडळांच्या श्रेणी परीक्षा ओबोसाठीही आहेत, आणि त्या भारतात देता येतात. पण वडसा ते मुंबई हे अंतर हजार किलोमीटरच्या आसपास आहे. पडद्यावरून शिकणं चालतं, मात्र पहिले तीन महिने नाही. ओबोसाठी दोन्ही ओठ दातांवरून आत वळवून पत्तीभोवती उशीसारखे धरायचे असतात, आणि ही ठेवण सुरुवातीला चुकली तर ती मोडायला वर्षं लागतात. आणखी एक गंमत. ओबोची पत्ती इतकी अरुंद की तिच्यातून हवा फार थोडी जाते. नवशिक्याला वाटतं श्वास संपला. खरं तर छातीत शिळी हवा भरून राहिलेली असते. आधी सोडायची, मग घ्यायची. हे कुणीतरी समोर बसून सांगावं लागतं. सनई आधीपासून येत असेल तर कान तयार असतो, श्वास तयार असतो, ओठ मात्र नव्यानं शिकवावे लागतात. दोन्हींची ओठांची पकड सारखी नाही.

तिसरा, दुरुस्ती आणि हवामान. चांगले ओबो ग्रेनाडिला नावाच्या काळ्या लाकडाचे असतात. हे झाड टांझानिया-मोझांबिककडचं, पण कूळ आपल्या ओळखीचं: आपल्या जंगलातल्या शिसमाच्याच प्रजातीतलं, डालबर्जिया. या सगळ्या प्रजातीवर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले; २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. असो. मुद्दा असा की हे लाकूड तडकतं. आतून वादकाचा ओला गरम श्वास, बाहेरून थंड किंवा कोरडी हवा, आणि वरच्या जोडाला चीर. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४६-४७ ला टेकतो, जुलैत भिंतींना ओल येते, आणि नाटकाच्या रात्री थंडीच्या. लाकडी ओबोला याहून अवघड वर्षभराचं वेळापत्रक शोधून सापडणार नाही. त्यात ओबोच्या चाव्यांवर बारीक स्क्रू असतात. त्यातला एक पाव फेरा हलला तरी खालचे स्वर निघायचे बंद होतात. नवशिक्याला वाटतं आपलंच चुकतंय, आणि तो रडकुंडीला येऊन वाद्य खोक्यात ठेवून देतो. सनईच्या बाबतीत दुरुस्ती म्हणजे बहुतेक वेळा पत्ती बदलणं, नाहीतर खालच्या भोकांत मेण घालून सूर जुळवणं. ते वादकालाच येतं.

चौथा, साथ. ओबो कुणाबरोबर वाजवणार? वाद्यवृंद हवा असेल तर घर सोडावं लागेल, हे आधीच मान्य करून निघावं. झाडीपट्टीच्या रंगमंचावर वाजवायचा असेल तर माइक लागेल, कारण ओबो दालनासाठी घडला, सनई मैदानासाठी. आणि नाटकाच्या गाण्यात त्याला मींड मागितली जाईल, ती तो अर्धीच देईल. पण एक जागा त्याला मिळू शकते. गाण्याआधीचा एकटा लांब स्वर, प्रवेशाच्या मागची हळू ओळ, जिथे सनई आली की लोकांना लग्नच आठवतं. तिथे ओबो नवं काही सांगेल. हे माझं मत आहे, करून बघणाऱ्यानं मला खोटं ठरवावं, मला आनंदच होईल.

आता सरळ सल्ला देतो, कारण काही जण त्यासाठीच शेवटपर्यंत ऐकतात.

ज्याला वाद्यवृंद किंवा परीक्षांचा मार्ग धरायचा आहे आणि ज्याच्याजवळ महिन्यातून एकदा तरी गाठता येईल असा गुरू आहे, त्यानं ओबो घ्यावा. नवा लाकडी घेऊ नये. राळेचा, म्हणजे कृत्रिम पदार्थाचा घ्यावा, निदान वरचा जोड तरी तसा असावा. यामाहा, फॉक्स, हॉवर्थ, बुफे अशा ओळखीच्या कारखान्याचा जुना वापरलेला ओबो, नाव नसलेल्या चकचकीत नव्यापेक्षा केव्हाही बरा, कारण बेनामी वाद्याच्या चाव्या मऊ धातूच्या असतात आणि दुरुस्ती करणारे पुष्कळदा त्याला हात लावत नाहीत. चाव्या मोजा. खालचा कोमल नी आणि डाव्या हाताची ‘एफ’ची चावी असावी. नवशिक्यांच्या स्वस्त ओबोत या दोन गाळलेल्या असतात, आणि दोन वर्षांनी नेमक्या त्यांच्यामुळे वाद्य बदलावं लागतं. हातात आल्यावर वरचा जोड सुटा करा, सगळी भोकं बंद करा, खालचं टोक तळव्यानं दाबा आणि वरून हवा ओढा. पोकळी काही क्षण टिकली पाहिजे. लगेच सुटली तर पॅड गळतात किंवा कुठे तरी चीर आहे. मग सगळ्यात खालचे स्वर हळू आवाजात काढून घ्या, जाणकाराकडून. जोरात फुंकून कुठलाही ओबो वाजतो, हळू फुंकल्यावर कळतं. आणि ठरलेल्या पैशातले एक चतुर्थांश बाजूला ठेवा: पत्त्या, छोटा पेचकस, आतून पुसायचं फडकं, खोक्यात ओलावा राखणारी डबी. हे पैसे वाद्याच्या किमतीत धरलेच पाहिजेत.

ज्याच्याजवळ गुरू नाही, पण दुहेरी पत्तीच्या त्या आवाजाचं वेड आहे, त्यानं लाखाच्या घरातली वस्तू घेण्याआधी काही हजारांत सनई घ्यावी. आपल्या गळ्याच्या पट्टीची. दुकानात पेटीवर तो सा धरायला सांगावा आणि सनईचे सातही स्वर त्याच्याशी जुळवून ऐकावेत. दिसायला देखणी आणि पंचमाला खोटी अशा सनया खूप असतात. खालच्या पितळी तोंडाच्या चकाकीकडे बघू नये. पत्त्या एकदम सहा घ्याव्यात. आणि घरच्यांनी ‘हे आपलं काम नाही’ म्हटलं, किंवा ‘हेच तर आपलं काम होतं’ म्हणून नकार दिला, तर दोन्हींना उत्तर एकच: आता मी स्वतः निवडलं आहे.

आणि ज्याला रंगमंचावर या हंगामापासून काम हवं आहे, पोट भरायचं आहे, त्यानं कीबोर्ड शिकावा, त्यात कमीपणा नाही. फक्त ११२ नंबर दाबताना डावा हात चाकावर ठेवावा, आणि लग्नसराईत कुठे खरी सनई वाजत असेल तर दहा मिनिटं थांबून ऐकावी. श्वास कुठे तुटतो तेवढं जरी लक्षात आलं तरी वाजवणं बदलेल.

नाटक मंडळांच्या चालकांनाही एक विनंती. वर्षातून एका नाटकात, एका प्रवेशापुरता, पत्तीचं वाद्य वाजवणारा माणूस घ्या. त्याला इतर वादकांएवढं मानधन द्या आणि जेवायच्या पंगतीत मधली जागा द्या. शिकणाऱ्या पोरांना पुढे काम आहे असं दिसलं, तर कोणतं वाद्य घ्यावं हा प्रश्न ते आपले आपण सोडवतील.

प्रश्न असतील तर जरूर विचारा, विशेषतः ज्यांनी प्रत्यक्ष पत्ती बांधली आहे त्यांनी.